मदत हवी आहे: काइटबोर्ड साच्यातून काढला आणि सरळ झाला, रॉकर (टोकांना वर जाणारा बाक) परत कसा आणू?

भन्नाट_वारा:
घरीच प्लायचा ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेला काइटबोर्ड, म्हणजे काइट या मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर चालणारी फळी) बनवतोय. काल चिकटवून साच्यावर क्लॅम्प केला होता, आज सकाळी सोडला तर रॉकर जवळजवळ गेलाच. साच्याला ४ सेंमी दिला होता, आता जेमतेम १ उरलाय. आउटलाइन कापायची राहिलीय, पाय अडकवायच्या स्ट्रॅपची भोकं राहिलीत आणि शनिवारी वारा मस्त दाखवतोय, मला याच बोर्डवर उतरायचंय. वाफ देऊन किंवा गरम पाणी ओतून परत वाकवता येईल का? जरा लवकर सांगा प्लीज.

रंधा_पटाशी:
किती थर आहेत? एकेक थर किती मिमीचा? गोंद कुठला? क्लॅम्प किती वेळ होते? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

भन्नाट_वारा:
प्लाय नेहमीचाच आहे हो, आणि क्लॅम्प रात्रभर होते असं वर लिहिलंच आहे. प्रश्न वाफेचा आहे.

खारं_पाणी:
मी म्हणतो फिनचा (बोर्डखालच्या छोट्या पात्यांचा) विचार आत्ताच करून ठेवा. ४ सेंमीच्या फिन लावा, त्याहून मोठ्या नकोत, बोर्ड वळताना अडखळतो. आणि टोकांची जाडी कमी करायला विसरू नका, मधे १० मिमी असली तरी टोकाला ५-६ वर आणा, नाहीतर लाटांवर नुसतं फळकुट आपटल्यासारखं वाटतं.

रंधा_पटाशी:
फिनचं नंतर बघू हो, त्यांचा बोर्डच अजून सरळ आहे. भन्नाट, वाफेने अख्खं लाकूड वाकतं कारण त्याच्या सगळ्या रेषा एका दिशेने असतात. प्लायमधे एक थर उभा एक आडवा असतो, ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे वाफेचा उपयोग नाही. गोंद सांगा गोंद. आणि थर.

भन्नाट_वारा:
४ मिमीचे दोन. गोंद लाकडाचा पांढरा, फर्निचरला वापरतात तो. व्हिडिओत पण तोच होता आणि त्याचा बोर्ड छान झाला होता.

रंधा_पटाशी:
मग झालं, कळलं. सारख्या जाडीचे थर असतील तर साच्यातून सुटल्यावर बाक किती जातो याचा साधा हिशोब आहे, १ भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. दोन थर असतील तर पाव बाक जातो, तीन असतील तर नववा भाग, चार असतील तर सोळावा. म्हणजे तुमचे ४ चे ३ व्हायला हवे होते. १ झालाय याचा अर्थ गोंदाने थर धरलेच नाहीत, ते एकमेकांवर सरकले. पांढरा गोंद वाळल्यावरही किंचित रबरासारखा राहतो, सतत ताण असला की हळूहळू सरकतो. फर्निचरला चालतो कारण तिथे कोणी वाकवून ठेवलेलं नसतं. शिवाय मोठ्या पृष्ठभागाच्या मधोमध हवा पोचत नाही, तिथे तो सकाळी ओलाच असणार.

उधाण:
+१. आणि साधा पांढरा गोंद पाण्यात परत मऊ होतो हे पण सांगा त्यांना. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर पायाखाली थर सुटले तर बोर्ड सोडून पोहत यावं लागेल. इपॉक्सी (हार्डनर कालवून घट्ट होणारा गोंद) वापरा, दुसरं काही नको.

वीकेंड_रायडर:
मला तर हा बोर्ड टाकावासा वाटत नाही. कमी रॉकरचा बोर्ड मंद वाऱ्यात लवकर पाण्यावर येतो, वाऱ्याकडे चढतो पण छान. लाटा असल्या तर नाक बुडतं एवढंच. वरून इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कापड मारा आणि मंद वाऱ्यासाठी ठेवून द्या.

उधाण:
अहो पण आतला गोंद तोच राहणार ना! कापड वरून कितीही मारा, स्ट्रॅपच्या भोकातून पाणी आत जाणारच.

वीकेंड_रायडर:
भोकं नीट सील केली तर नाही जात. मोठं भोक पाडायचं, इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरायचं आणि वाळल्यावर त्यातच बारीक भोक पाडायचं. माझा असाच आहे, अजून टिकलाय.

उधाण:
तुमचा इपॉक्सीनेच चिकटवलेला असणार.

वीकेंड_रायडर:
हो, तो इपॉक्सीचाच आहे.

भन्नाट_वारा:
तुम्ही दोघं नंतर भांडा. यावरच तिसरा थर इपॉक्सीने चिकटवला तर? साचा तसाच आहे.

रंधा_पटाशी:
हिशोबाने जमतं. साचा साडेचारला नेलात आणि वर ४ मिमीचा थर दिलात तर सव्वातीनच्या आसपास रॉकर उरायला हवा. पण हे खालच्या दोन थरांनी एकमेकांना घट्ट धरलं असेल तरच, आणि तुमच्या केसमधे तीच शंका आहे. मी असतो तर नव्याने केला असता. ३ मिमीचे तीन थर, वरच्या प्लायच्या रेषा बोर्डच्या लांबीला, इपॉक्सी, आणि दोन-तीन दिवस साच्यातून काढायचा नाही. जुना तुकडा साच्यावर टाका, नवीन बोर्डला छान गुळगुळीत तळ मिळेल. मधे प्लास्टिक अंथरा मात्र, नाहीतर दोन्ही चिकटून बसतील. तुमचं वजन किती?

सागर_मित्र:
घरी बनवलेला आहे तर लीश (बोर्ड स्वतःला बांधायची दोरी) लावाच, एवढी मेहनत वाहून जायला नको.

उधाण:
कृपया हा सल्ला देऊ नका!! काइटने ओढलं की लीश ताणते आणि बोर्ड सरळ डोक्यावर येतो, त्यात हा प्लायचा, कडा कडक, खाली फिन. मी एकाच्या कानामागे टाके पडलेले पाहिलेत. बोर्ड गेला तर बॉडी ड्रॅग करत (काइटच्या ओढीने अंगानेच पाण्यातून सरकत) वाऱ्याकडे जाऊन आणायचा, ते आधी शिका.

सागर_मित्र:
हेल्मेट असेल तर?

उधाण:
हेल्मेट घालाच, पण लीश नको. मान आणि चेहरा उघडाच असतो.

भन्नाट_वारा:
लीश लावत नाहीये. वजन ७८. बोर्ड १३८ बाय ४१ सेंमी धरलाय. ठीक, नव्याने करतो, शनिवार सोडला. पण क्लॅम्प फक्त कडेला पोचतात, मधे दाब कसा द्यायचा? मागच्या वेळी पण मधे पोकळ आवाज येत होता.

रंधा_पटाशी:
तो पोकळ आवाज आधी सांगायचा ना! ७८ ला साइज बरोबर आहे. मधल्या दाबासाठी आडव्या जाड पट्ट्या घ्या, खालची बाजू मधे दोन-तीन मिमी फुगीर तासा, दोन्ही टोकं क्लॅम्पने आवळली की मधे आपोआप दाब पडतो. दर १५ सेंमीवर एक.

उधाण:
जमलं तर व्हॅक्यूम, म्हणजे बोर्ड पिशवीत घालून आतली हवा काढायची. पूर्ण व्हॅक्यूमला हवेचा दाब चौरस मीटरला १० टन पडतो, तुमच्या बोर्डवर ५ टनांच्या वर, आणि सगळीकडे सारखा. प्लायला अर्धा सुद्धा पुष्कळ होतो. जुन्या फ्रिजचा कंप्रेसर चालतो, फक्त पिशवी कुठे गळते ते इपॉक्सी कालवायच्या आधी तपासा, नंतर हात चिकट होतात आणि वेळ नसतो. आणि इपॉक्सी खोलगट भांड्यात ठेवू नका, तापून धूर येतो. पसरट ट्रेमधे ओता.

भन्नाट_वारा:
कंप्रेसर आहे एक पडलेला. इपॉक्सी आणि हार्डनर मापाने घ्यायचं का वजनाने? डब्यावर दोन वेगळे आकडे आहेत.

रंधा_पटाशी:
दोन्ही बरोबर आहेत, एक मापाचा आणि एक वजनाचा. कुठलाही एक धरा, दोन आकड्यांची सरमिसळ करू नका. वजनकाटा असेल तर वजनच.

खारं_पाणी:
फिनचे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्या स्टेनलेसला खाऱ्या पाण्यात गंजाचे खड्डे पडतात. काइट किती चौरस मीटरचा आहे?