ब्लू-रे आणि ४के डिस्क घेण्याआधी चित्राचा व आवाजाचा दर्जा कसा ओळखावा?

शेवटची_रांग:

घरी ५५ इंची ४के टीव्ही, एक रिसीव्हर आणि ५.१ स्पीकर (पाच स्पीकर व एक सबवूफर) असा संच आहे आणि आवडते चित्रपट हळूहळू डिस्कवर जमवावेत असा विचार आहे. अडचण अशी की, १०८०पी, ४के, एचडीआर, डॉल्बी, डीटीएस ही बिरुदे सगळ्याच डिस्क मागच्या कव्हरावर सारख्याच थाटात मिरवतात. प्रत्यक्षात मात्र एका डिस्कवर कोटाच्या कापडाची वीणसुद्धा स्पष्ट दिसते, तर दुसरीवरची माणसे मेणाची वाटतात. एका जुन्या चित्रपटाची ब्लू-रे आणि नंतर आलेली ४के आवृत्ती लागोपाठ लावून पाहिली, तेव्हा मला ब्लू-रेच अधिक जिवंत वाटली. दोष माझ्या डोळ्यांचा की डिस्कचा?

जाणकारांनी कृपया सांगावे की, पैसे खर्च करण्याआधी दर्जाचा अंदाज कशावरून बांधायचा. डिस्कची क्षमता आणि बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) यांवर विसंबता येते का? डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांत उजवे कोण? आणि जुन्या चित्रपटांची ४के आवृत्ती घेण्यात खरोखर अर्थ असतो का?

निगेटिव्ह_३५:

डोळ्यांचा दोष नसावा. डिस्क तयार होण्याच्या कितीतरी आधी तिचा दर्जा बराचसा ठरून गेलेला असतो. स्कॅनसाठी मूळ कॅमेरा निगेटिव्ह मिळाली की तिच्यावरून काढलेली दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची प्रत, स्कॅन कोणत्या काळातल्या यंत्रावर झाले आणि त्यानंतर चित्राची ‘साफसफाई’ किती केली, या तीन गोष्टी कळल्या की निम्म्याहून अधिक उत्तर मिळते. आणि कव्हरावर नेमक्या याच गोष्टी क्वचित छापलेल्या असतात.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचे उदाहरण घ्या. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांतला वाचवता येण्याजोगा भाग हाताने दुरुस्त करून ४के स्कॅन करण्यात आला, उरलेल्या भागासाठी ठिकठिकाणी जपून ठेवलेल्या दुय्यम प्रती वापरल्या गेल्या, आणि ही पुनरुज्जीवित आवृत्ती २०१५ मध्ये लोकांसमोर आली. अशा चित्रपटात एखादे दृश्य लख्ख आणि पुढचे किंचित मऊ दिसले, तर तो डिस्क बनवणाऱ्यांचा हलगर्जीपणा मानू नये. मूळ सामग्रीच तशी उरलेली आहे.

उलट बाजूने पाहिले तर, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ १९६२ चा असूनही ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला होता आणि २०१२ च्या पुनरुज्जीवनासाठी त्या निगेटिव्हचे ८के स्कॅन करण्यात आले. तिथे ४के डिस्कला दाखवण्यासारखे भरपूर काही आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ आहे: २००२ चा हा चित्रपट मुख्यतः मिनीडीव्ही या कमी रिझोल्यूशनच्या टेप-कॅमेऱ्यावर चित्रित झाल्यामुळे जे तपशील टेपवर उतरलेच नाहीत, ते कोणतीही डिस्क निर्माण करू शकणार नाही. म्हणजे चित्रपट नवा की जुना यापेक्षा तो कशावर चित्रित झाला आणि त्याचे अंतिम मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क बनतात ती मूळ आवृत्ती, किती रिझोल्यूशनचे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. २००० नंतर बराच काळ असंख्य मोठ्या चित्रपटांची संगणकीय मास्टर २के मध्ये, म्हणजे सुमारे २०४८ बिंदू रुंदीत, बनवली गेली. त्यांची ४के डिस्क हे बहुतेक वेळा त्याच मास्टरचे मोठे केलेले रूप असते. रंग आणि उजेडाची व्याप्ती यांत तिचा फायदा होऊ शकतो, तपशिलात मात्र फारसा होत नाही.

आता मेणाच्या माणसांविषयी. फिल्मवरचे दाणे, म्हणजे ग्रेन, हा चित्रावर बसलेला मळ नसून चित्रच त्या दाण्यांचे बनलेले असते. तरीही चकचकीत चित्र हवे असलेल्या ग्राहकांसाठी, किंवा दाणेदार चित्र दाबून बसवणे एन्कोडिंगला जड जाते म्हणून, काही मास्टरवर डिजिटल नॉइज रिडक्शनचा वरवंटा फिरवला जातो आणि दाण्यांबरोबर त्वचेची छिद्रे, केसांच्या बटा, विटांचा खरखरीतपणाही जातो. ‘टर्मिनेटर २’ च्या २०१७ च्या ४के आवृत्तीवर नेमकी हीच टीका झाली होती. अशी डिस्क हाती असेल तर एखादा स्थिर क्लोजअप निवडून रिमोटने एकेक फ्रेम पुढे सरका. दाण्यांची रचना प्रत्येक फ्रेमला बदलली पाहिजे. दाणे जागच्या जागी थिजलेले आहेत आणि चेहरा त्यांच्याखालून सरकतो आहे असे दिसले, तर नॉइज रिडक्शन झाले आहे हे नक्की समजावे. दुसरी खूण म्हणजे उजळ आकाशासमोरची काळी कड, मग ती छपराची असो वा निष्पर्ण फांदीची. तिच्या बाजूने बारीक पांढरी रेघ दिसत असेल, तर चित्राला कृत्रिम धार लावलेली आहे. लांबून हेच चित्र ‘शार्प’ वाटते आणि दुकानातल्या टीव्हीवर तर फारच खुलते, म्हणून ही खोड अजून गेलेली नाही.

अडीच_तास:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त बिटरेटचा मुद्दा राहिला आहे, तो मांडतो.

ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी मावतात. ४के डिस्क मुख्यतः ६६ आणि १०० जीबीच्या येतात. साध्या ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला कमाल ४० मेगाबिट वापरता येतात. अडीच तासांचा चित्रपट २५ जीबीवर बसवायचा म्हटले, तर चित्र, आवाजाचे सगळे ट्रॅक आणि सबटायटल मिळून सरासरी २२ मेगाबिटच वाट्याला येतात, आणि त्याच डिस्कवर मुलाखती व पडद्यामागच्या चित्रफिती कोंबल्या असतील तर त्याहूनही कमी. त्यामुळे लांब चित्रपट एकाच थरावर उरकलेला दिसला की मी सावध होतो. २००६ च्या आसपासच्या अगदी सुरुवातीच्या डिस्कबाबतही सावध असावे; त्यांतल्या बऱ्याच डिस्क जुन्या एमपेग-२ पद्धतीने आणि एकाच थरावर बनलेल्या होत्या.

मात्र मोठा आकडा म्हणजे चांगले चित्र असे समीकरण मांडू नये. दाणे पुसून टाकलेल्या गुळगुळीत चित्राला मुळात बिट कमीच लागतात. तिथे ३५ मेगाबिट ओतले तरी गेलेला तपशील परत येत नाही. उलट काळजीपूर्वक एन्कोड केलेली २५ मेगाबिटची डिस्क अतिशय सुरेख दिसू शकते. एन्कोडिंग कच्चे असेल तर ते धुके, धूर, खळाळते पाणी आणि अंधाऱ्या भिंती यांत उघडे पडते: तिथे चौकोनी ठोकळे दिसतात, आणि संध्याकाळच्या आकाशात रंगांच्या पायऱ्या पडतात. डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये वाचता येत असेल, तर बीडीइन्फो नावाचा प्रोग्राम प्रत्येक ट्रॅकचा बिटरेट मांडून दाखवतो. परीक्षणांत जे आकड्यांचे तक्ते दिसतात, ते बहुधा त्यातूनच आलेले असतात.

मंद्रसप्तक:

आवाजाविषयी लिहितो, कारण या चर्चांत त्याला नेहमीच शेवटच्या बाकावर बसवले जाते.

डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दोन्ही पद्धती लॉसलेस आहेत, म्हणजे साठवताना आवाजातले काहीही गाळत नाहीत. एकच मूळ मिश्रण दोन्हींत साठवून पुन्हा उलगडले तर हाती येणारा आवाज तंतोतंत तोच असतो, त्यामुळे ‘उजवे कोण’ हा प्रश्नच निकालात निघतो. कानाला फरक जाणवलाच, तर तो मिश्रणाचा किंवा आवाजाच्या पातळीचा असतो. डिस्कवरचा अॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) सहसा ट्रूएचडीवर आरूढ होऊन येतो, तर स्ट्रीमिंगवर तो डॉल्बी डिजिटल प्लस या लॉसी, म्हणजे काही भाग गाळणाऱ्या, पद्धतीतून येतो. नाव एकच असले तरी माल वेगळा आहे.

कव्हर वाचताना कोणत्या भाषेच्या ट्रॅकपुढे काय लिहिले आहे ते नीट पाहावे. बरेचदा मूळ भाषेचा ट्रॅक लॉसलेस असतो आणि डब केलेल्या भाषांना साध्या डॉल्बी डिजिटलवर भागवलेले असते, ज्याची ब्लू-रेवरची कमाल मर्यादा सेकंदाला ६४० किलोबिट आहे. जुन्या चित्रपटांबाबत मी आणखी एक आग्रह धरतो: चित्रपट मुळात मोनो असेल, तर डिस्कवर तो मूळ मोनो ट्रॅक आहे की नाही हे तपासल्याशिवाय ती घेऊ नये. नंतर बनवलेल्या ५.१ मिश्रणात बंदुकीच्या गोळ्या आणि दरवाज्यांचे आवाजसुद्धा नव्याने घातलेले आढळतात, आणि एकाच मायक्रोफोनवर टिपलेला संवाद पाच स्पीकरांत पसरला की तो पोकळ लागतो. सगळ्या वाहिन्या सतत वाजत राहिल्या म्हणजे ध्वनी चांगला, ही समजूत मला तरी पटत नाही. सबवूफर प्रसंगी गप्प बसणे हाही चांगल्या मिश्रणाचा भाग असतो.

डिस्क चांगली असूनही आवाज बसका वाटत असेल, तर आधी प्लेअरची सेटिंग पाहा. ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा तत्सम नावाचा पर्याय चालू असेल, तर अनेक प्लेअर लॉसलेस ट्रॅक बाहेर पाठवतच नाहीत. ऑप्टिकल केबलमधून बहुवाहिनी लॉसलेस आवाज जाऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय हवी, आणि आवाज टीव्हीमार्गे रिसीव्हरला पाठवणार असाल तर दोन्ही उपकरणांत ई-आर्कची सोय हवी. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘ट्रूएचडी’ किंवा ‘डीटीएस-एचडी’ ही अक्षरे उमटली की बिटस्ट्रीम, म्हणजे न उलगडलेला ट्रॅक, नीट पोहोचतो आहे असे समजावे. प्लेअरच ट्रॅक उलगडून पाठवत असेल तर तिथे ‘पीसीएम’ दिसेल, आणि त्यातही काही बिघडत नाही.

सव्वादोन_मीटर:

सगळे मान्य, पण अंतराचा विचार कोणीच केलेला नाही. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर भरते. १०८०पी चित्राचे बिंदू सामान्य नजरेला वेगळे दिसेनासे होतात ते उंचीच्या साधारण ३.२ पट अंतरावर, म्हणजे २.२ मीटरवर; ४के साठी हेच अंतर निम्मे होते. प्रश्नकर्ते अडीच-तीन मीटरवर सोफा ठेवून बसत असतील, तर निव्वळ रिझोल्यूशनसाठी ४के आवृत्तीवर जास्त खर्च करण्यात हशील नाही. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची वाढीव व्याप्ती, मात्र कोणत्याही अंतरावरून दिसतो: दिव्याची ज्योत, ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब, अंधारातला कोटाचा काळा आणि केसांचा काळा यांतला फरक. अर्थात टीव्हीला तेवढा उजेड आणि तेवढा काळोख साधत असेल तरच.

त्याचबरोबर टीव्हीची ‘शार्पनेस’ शून्यावर (काही टीव्हींवर हा तटस्थ बिंदू मध्यावर असतो), नॉइज रिडक्शन बंद आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद ठेवावा. फिल्ममेकर मोड असेल तर तो एकच निवडला तरी चालते. नाहीतर डिस्क बनवणाऱ्याने जपलेले दाणे टीव्हीच पुसून टाकतो आणि शिव्या डिस्कला बसतात.

शेवटची_रांग:

सर्वांचे मनापासून आभार. फ्रेम-फ्रेम सरकवून पाहिले. ४के आवृत्तीत दाणे खरोखरच थिजलेले आहेत. परंतु ही परीक्षा डिस्क हाती आल्यावरची झाली. घेण्याआधी दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर परीक्षणांतल्या चित्रांवर कितपत भरवसा ठेवावा? आणि ४के संचात जी साधी ब्लू-रे सोबत येते, ती नव्या मास्टरची असते का?

निगेटिव्ह_३५:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसे गृहीत धरू नका. काही संचांत ब्लू-रेही नव्या मास्टरवरून बनवलेली असते, तर काहींत जुनीच डिस्क उचलून ठेवलेली असते. परीक्षणात ‘सोबतची ब्लू-रे नव्या स्कॅनवरून’ असा स्पष्ट उल्लेख सापडला तरच ती जमेस धरावी.

परीक्षणांतल्या चित्रांबाबत असे की, साध्या ब्लू-रेच्या दोन आवृत्त्यांची तुलना त्यांवरून पुष्कळच विश्वासाने करता येते, मात्र दोन्ही चित्रे नेमक्या एकाच फ्रेमची आणि मूळ आकाराची असली पाहिजेत. चौकटही ताडून पाहावी. एका आवृत्तीत कडेचा खांब पूर्ण आणि दुसरीत अर्धा दिसत असेल, तर कुठेतरी चित्र कापले गेले आहे. २.३९:१ चौकटीचा चित्रपट १०८० पैकी जेमतेम ८०० ओळींत बसतो, म्हणून वरखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांना दोष समजू नये. एचडीआर डिस्कची चित्रे मात्र साध्या पडद्यावर दाखवण्यासाठी रूपांतरित केलेली असतात. त्यांवरून तपशील आणि दाणे तपासावेत. रंग किंवा उजेड यांविषयी मत बनवू नये.

मजकूर वाचताना परीक्षकाने स्कॅनचे वर्ष, मूळ निगेटिव्हचा उल्लेख आणि रंगसंस्कार कोणाच्या देखरेखीखाली झाले हे नोंदवले आहे का, ते पाहावे. जुन्या व अभिजात चित्रपटांच्या जतनाला वाहिलेले क्रायटेरियन, अॅरो यांच्यासारखे प्रकाशक ही माहिती बहुधा सोबतच्या पुस्तिकेतच छापतात. ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढेच दोन शब्द असतील, तर त्यांवरून काहीच कळत नाही. मागवण्याआधी विभागाचा कोड पाहायला विसरू नका: ४के डिस्कला विभागाचे बंधन नसते, पण त्याच संचातल्या ब्लू-रेला असू शकते, आणि ए, बी, सी यांपैकी ज्या विभागाचा तुमचा प्लेअर नाही, त्या विभागापुरती कुलूपबंद केलेली डिस्क तो वाचणार नाही.

तुमच्या त्या चित्रपटापुरते सांगायचे तर ब्लू-रेच ठेवा आणि ४के आवृत्ती परत करता येत असेल तर करून टाका.