'बिलीफ'ला मराठीत काय म्हणायचं? समजूत, विश्वास, धारणा, श्रद्धा…

मधुमालती:
धाकटी जाऊ आणि मी मिळून एडिंबरा विद्यापीठाचा कोर्सेरावरचा तत्त्वज्ञानाचा प्राथमिक कोर्स करतोय, पैसे न भरता नुसती व्याख्यानं ऐकतोय. आधी काही वाचलेलं नसलं तरी चालतं. व्याख्यानं इंग्रजीत आणि तिचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, म्हणून प्रत्येक व्हिडिओचं मी मराठीत टिपण काढते आणि रात्री मागचं आवरून झालं की दोघी त्यावर बोलत बसतो. नीतीचा भाग बरा गेला. 'ज्ञान म्हणजे काय' इथे मात्र गाडी अडली. प्लेटोपासून चालत आलेली व्याख्या आहे की नॉलेज म्हणजे जस्टिफाइड ट्रू बिलीफ. मी लिहिलं 'सकारण खरी समजूत'. तर ती म्हणाली, "ताई, समजूत खरी कशी असेल? खोटी असते म्हणूनच तर आपण तिला समजूत म्हणतो." आणि मला ते पटलं. 'गावात अशी समजूत आहे की…' एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की बोलणाऱ्याचा त्यावर भरवसा नाही. मग विश्वास घ्यावा तर 'बाहेर पाऊस पडतोय असा माझा विश्वास आहे' असं मराठी माणूस कधी बोलत नाही. श्रद्धा नकोच. काय लिहू?

शब्दवेडा:
धारणा लिहा, पाठ्यपुस्तकी वाटतो पण चालून जातो.

रानजाई:
धारणा म्हटलं की मला आधी जमीनधारणा आठवते नाहीतर योगातली, प्रत्याहाराच्या पुढची आणि ध्यानाच्या अलीकडची. आणि 'लोकांची अशी धारणा झाली आहे' हे वाक्य घेऊन बघा, त्यात पण समजुतीसारखाच चुकीचा वास आहे. मत का नको?

शब्दवेडा:
मत हे विचार करून बनवतात. समोर खुर्ची आहे हे माझं मत नाही ना, पण कोर्सच्या हिशोबाने तो बिलीफच आहे.

तात्या_वाईकर:
तुमचा घोळ बिलीफच्या अलीकडेच झालाय. नॉलेजला ज्ञान म्हटलंत तिथेच चुकलं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह उघडा, सतराव्या शतकातलं छोटंसं पुस्तक आहे, संस्कृत पाठशाळेत न्यायाची, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राची, सुरुवात त्यानेच होते. त्यात बुद्धी म्हणजेच ज्ञान, त्याचे दोन प्रकार स्मृती आणि अनुभव, आणि अनुभव पुन्हा यथार्थ नाहीतर अयथार्थ. शिंपल्याच्या जागी चांदी दिसली तर तेही ज्ञानच, फक्त अयथार्थ. म्हणजे ज्ञान खोटं असू शकतं! इंग्रजी नॉलेज खोटं असूच शकत नाही, त्याला आपल्याकडे प्रमा हा नेमका शब्द शेकडो वर्षं वापरात आहे. नॉलेज म्हणजे प्रमा आणि बिलीफ म्हणजे ज्ञान असं लावा, व्याख्या आपोआप सुटते.

रानजाई:
तात्या, तुमच्याविषयी आदर आहे, पण 'ज्ञान खोटं असू शकतं' हे संस्कृतात झालं. मराठीत 'त्याला त्याचं ज्ञान आहे' म्हटलं की ते खरंच असतं. ज्ञानेश्वरांच्या नावातल्या शब्दाला आता बिलीफ म्हणायचं? टिपण जाऊबाईंसाठी आहे, परीक्षकासाठी नाही.

तात्या_वाईकर:
म्हणून शास्त्राचे शब्द सोडून द्यायचे का? बोलीभाषेत 'वजन' आणि 'वस्तुमान' एकच, तरी विज्ञानाच्या पुस्तकात आपण वेगळे केलेच ना. मुलं शिकली. तत्त्वज्ञानाच्या बाबतीतच सगळं घरगुती का हवं?

पानगळ:
तात्यांचं निम्मं पटतं, पण नैयायिकांचं, म्हणजे न्यायवाल्यांचं, ज्ञान ही घडणारी गोष्ट आहे, आत्म्यात उपजते आणि लगेच विरते, मागे उरतो तो संस्कार, म्हणजे ठसा. बिलीफ तसा नाही. मी झोपलेले असताना देखील दिल्ली ही राजधानी आहे हा माझा बिलीफ असतोच. म्हणजे ज्ञान हा शब्द बिलीफला घट्ट बसत नाही, थोडा संस्कारात जातो थोडा निश्चयात. एकास एक शब्द मिळेलच असं धरून चालू नये.

मधुमालती:
पानगळ, हे खूप कामाचं आहे, टिपणात घालते. पण मला अजून शब्द हवाय :) पुढे गेटियर आहे. एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६३ साली तीन पानांच्या लेखात ही व्याख्या पुरत नाही हे दाखवलं. त्याची उदाहरणं किचकट आहेत, बंद घड्याळाचं सोपं पडतं आणि ते त्याच्याही आधीचं, रसेलचं आहे. मी ते एसटी स्टँडवर आणलं. स्टँडवरचं घड्याळ सव्वादोनवर बंद पडलंय, रोज बरोबर चालणारं घड्याळ म्हणून माणसाने त्यावर विसंबून वेळ बघितली, आणि योगायोगाने खरोखरच सव्वादोन वाजलेत. खरं आहे, त्याला कारण आहे, पण त्याला वेळ 'माहीत होती' म्हणवत नाही. इथे जाऊने आपणहून वाक्य केलं, 'सव्वादोन वाजलेत असं त्याला वाटलं'. वाटणं घेऊ का?

रानजाई:
घ्याच! मराठीत बिलीफचं काम नाम करतच नाही, क्रियापद करतं. 'खरं असणं, तसं वाटणं, आणि वाटायला सबळ कारण असणं', झाली की व्याख्या.

शब्दवेडा:
थांबा, वाटणं पण निर्दोष नाहीये, काळ बदलला की रंग बदलतो. 'मला वाटलं तू येशील' म्हटलं म्हणजे तू आला नाहीस. 'मला वाटतं तो येईल' म्हणजे मला खात्री नाही. भूतकाळात चुकीचं, वर्तमानात डळमळीत. आणि व्याख्येप्रमाणे ज्याला माहीत आहे त्याला वाटत पण असलं पाहिजे, पण मराठीत 'मला नुसतं वाटत नाही, माहीत आहे' असं आपण दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभे करतो.

तात्या_वाईकर:
गेटियरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने हाच मुद्दा मांडलाय. मुठीत कवड्या किती, असं विचारलं, समोरच्याने अंदाजाने पाच म्हटलं आणि निघाल्या पाचच. खरं ठरलं तरी ती प्रमा का? आणि त्याच्याही आधी, आठव्या शतकात, बौद्ध धर्मोत्तराने मृगजळाचं उदाहरण दिलंय, मृगजळ बघून माणूस पाण्याच्या दिशेने गेला आणि तिथे दगडाखाली खरंच पाणी निघालं. हे आपल्या पोरांना एडिंबराच्या आधी कळायला पाहिजे, याचं मला वाईट वाटतं.

पानगळ:
कवड्यांच्या उदाहरणात कारणच नाही, नुसता अंदाज आहे, ते गेटियरच्या जवळचं असलं तरी तेच नाही. मृगजळाचं मात्र बंद घड्याळासारखंच आहे. मधुमालती, हे दोन्ही जाऊबाईंना सांगा, फरक कळेल.

कुंपणावरचा:
पण श्रद्धा एका फटक्यात का बाद केला कुणी सांगेल का? श्रत् अधिक धा, धा म्हणजे ठेवणं. लॅटिनमधला क्रेडो त्याच मुळाचा, आणि इंग्रजी प्रार्थनेत ख्रिस्ती लोक क्रेडोच्याच जागी 'आय बिलीव्ह' म्हणतात. इतकं जवळचं नातं असताना आपण शब्द टाकून देतो.

रानजाई:
मूळ कुठलंही असो, आज शब्द काय करतो ते बघायचं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनंतर श्रद्धा आणि अंधश्रद्धा ही जोडीच झाली आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी रोज तोच वाद चालू होता. 'पाऊस पडतोय अशी श्रद्धा' लिहिलं तर वाचणारा देव शोधेल.

कुंपणावरचा:
म्हणजे चळवळीने शब्द आक्रसला आणि आपण ते मान्य करायचं. मला हे मान्य नाही. विश्वासचं पण तेच, श्वस् म्हणजे श्वास घेणं, निर्धास्त श्वास घेता येणं हा केवढा सुंदर अर्थ आहे.

शब्दवेडा:
सुंदर आहे पण तो माणसावर टाकायचा असतो, वाक्यावर नाही.

तात्या_वाईकर:
ग्रंथालयात वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश मिळाला तर बघा, १९७४ चा, तीन खंड. असे वाद त्या पिढीने बसून, कष्टाने सोडवलेत, आपण दर वेळी शून्यापासून सुरू करतो.

तिरफळ:
मी म्हापशाची. आमच्याकडे कोंकणीत 'मला वाटतं' ला 'म्हाका दिसता' म्हणतात. आणि 'माहीत आहे' ला 'खबर आसा', माहीत नसेल तर 'खबर ना'. घड्याळवाल्याचं वाक्य आमच्यात 'ताका दिसलें' असं होईल, आणि घड्याळ खरंच त्याला दिसलेलं पण आहे, त्यामुळे मला तर ते फार चपखल वाटलं.

पानगळ:
वा! म्हणजे तुमच्याकडे बिलीफ डोळ्यातून आणि नॉलेज कानातून, प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं) अशी दोन प्रमाणंच, म्हणजे ज्ञानाची साधनंच, झाली. खबर अरबीतून आलेला, आमच्याकडे तो बातमीपुरताच राहिला.

रानजाई:
आणि ठाऊक? तो ठाव वरून असणार असं मला वाटतं, म्हणजे गोष्टीचा ठाव लागलाय. 'ठाऊक' आणि 'माहीत' यात तुम्हाला फरक जाणवतो का? मला जाणवतो. मला तिचा पत्ता माहीत आहे, पण तिचा स्वभाव ठाऊक आहे.

शब्दवेडा:
अजिबात नाही, आमच्या घरी दोन्ही अदलाबदलीने चालतात, ठाऊक फक्त आजी जास्त म्हणायची.

तात्या_वाईकर:
रानजाईंचा फरक बरोबर आहे, पण पुस्तकात तो टिकलेला नाही.

तिरफळ:
खानदेशातलं कुणी आहे का इथे? अहिराणीत 'वाटणं' आणि 'माहीत असणं' यांना काय म्हणतात ते सांगा, आणि दोन्ही एका वाक्यात चालतात का ते पण.