शाळेसमोरून भरधाव जाणाऱ्या गाड्या: जनजागृती नेमकी कशी करावी?

शाळा समिती: आमच्या शाळेसमोरून राज्य मार्ग जातो. वेगमर्यादा ताशी ४०, गाड्या सर्रास ६०-७० ने जातात. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात पंचवीस फ्लेक्स आणि एक प्रभातफेरी असा बेत आहे. वेग उतरेल का?

मोजपट्टी: फेरी जरूर काढा, पण आधी वेग मोजा, नाहीतर फरक पडला की नाही ते कळणारच नाही. कडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा. प्रत्येक खुणेच्या नेमकं समोर एक जण हवा. एकट्याने मधून तिरकं पाहिलं की वेळ चुकते. गाडी पहिल्या खुणेवर येताच पहिल्याने हात वर करायचा, दुसऱ्याने तेव्हा स्टॉपवॉच सुरू करून गाडी आपल्या खुणेवर आली की थांबवायचं. ४.५ सेकंद म्हणजे ताशी ४०, ३ म्हणजे ६०, २.२५ म्हणजे ८०. मोकळ्या धावणाऱ्या १०० गाड्या टिपा, रांगेतल्या सोडा. वेग चढत्या क्रमाने लावून ८५ वा आकडा घ्या, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग. अभियानानंतर तोच ताडून पाहायचा. दोघंही कुंपणाच्या आत राहू द्या. पिवळी जॅकेटं दिसली की पोलीस समजून ब्रेक लागतात.

रस्तासुरक्षा: पंचवीस फ्लेक्स नकोत, दोन पुरेत, शाळेच्या २०० मीटर अलीकडे, दोन्ही बाजूंना. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते, त्यामुळे पाच-सहा शब्दच वाचून होतात. ‘अति घाई, संकटात नेई’ डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय की कुणी वाचत नाही. त्याऐवजी लिहा: ‘४० ला २६ मीटर, ६० ला ४५’. कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेचे धरून, गाडी थांबायला साधारण एवढं लागतं. रक्ताळलेले फोटो टाळा. माणूस नजर फिरवतो, पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो.

वडाप (शेअर जीप) स्टँडवर मात्र समोरासमोर बोला. दोन किलोमीटरच्या गावात ४० ऐवजी ६० ने गेलं तर वाचतं एक मिनिट. गाडीमालकांनाही बोलवा, कारण जास्त फेऱ्यांचा दबाव त्यांचाच असतो.

वाहतूकमित्र: कारवाईची जोड हवीच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८९ च्या डिसेंबरात जाहिराती सुरू झाल्या, पाठोपाठ स्पीड कॅमेरे आणि दारू तपासणीही वाढली. रस्त्यावरचे मृत्यू १९८९ मध्ये ७७६ होते, १९९० मध्ये ५४८. पोलिसांकडे अभियानाच्याच आठवड्यात स्पीड गन मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. गतिरोधक स्वतः घालू नका, बांधकाम विभागाला अर्ज द्या.

शाळा समिती: मोजणी शाळा सुटताना करावी का?

मोजपट्टी: नको, गर्दीने वेग आपसूक उतरतो. दुपारी वर्ग चालू असताना करा. दुसऱ्या खेपेला वार आणि वेळ तीच ठेवा. एकदा लगेच मोजा, मग दोन महिन्यांनी. फ्लेक्सचा असर ओसरतो तो तेव्हा दिसतो.