चॅथमची लाकूड गिरणी: कारखाना म्हणूनच चालवावी की संग्रहालय करावं?

वखारवाला
पोर्ट ब्लेअरजवळच्या चॅथम बेटावरची सरकारी सॉ मिल १८८३ सालची. ब्रिटिशांनी अंदमानात वनखातं सुरू केलं तेच हे वर्ष. वसाहतीला लागणारे वासे, तुळया, चौकटी, फर्निचर या सगळ्यासाठी लाकूड इथेच चिरलं जाई. दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्ब पडला, त्याचा खड्डा आजही आवारात आहे. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेटांवरचं लाकूड मुख्य भूमीवर पाठवणं थांबलं, तोडही स्थानिक गरजेपुरतीच उरली. माल कमी झाला, म्हणून 'यंत्रं थांबवा आणि सगळीच जागा पर्यटकांसाठी ठेवा' असं सुचवलं जातं. माझा याला ठाम विरोध आहे.

कारण बँड सॉचं, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या करवतीचं, पातं. ते नुसतं धार लावून चालत नाही. कापताना दातांची कड तापते, लांबते आणि सैल पडते. म्हणून सॉ डॉक्टर, म्हणजे पात्यांची निगा राखणारा कारागीर, रोलर आणि हातोड्याने पात्याचा मधला भाग आधीच किंचित ताणून ठेवतो, म्हणजे तापल्यावरही दातांची कड चाकावर घट्ट बसते. ताण कमी पडला तर काप नागमोडी जातो, जास्त झाला तर पातं तडकतं. पात्यावर धरलेल्या सरळ पट्टीखालून डोकावणारा उजेड पाहून हातोडा कुठे मारायचा ते ठरतं. हे काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

कोरडा_माल
कौशल्याबद्दल दुमत नाही. पण ते टिकवण्याची किंमत पडौकमध्ये, अंदमानातल्या त्या मौल्यवान लाल लाकडात, का मोजायची? हिशेब साधा आहे. २५ मिमीच्या फळ्या काढताना करवतीने ६ मिमी खाल्लं, तर दर फळीमागे ३१ मिमी लाकूड जातं. म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास भुसा. तोच काप ३ मिमीचा असेल, तर नुकसान ११ टक्क्यांच्या आत. शिवाय ओंडका करवतीकडे नेणाऱ्या गाडीचे, जुन्या कॅरेजचे, रूळ झिजले की फळीची जाडी कमी-जास्त येते, मग चिरणारा दोन-तीन मिमी जास्तच ठेवतो आणि तेही रंध्याखाली जातं. जुनी यंत्रं जपा, दाखवा. चिराईला मात्र पातळ पात्याची छोटी आडवी बँड सॉ आणा.

वखारवाला
तुमचा ६ मिमीचा आकडा गोल करवतीचा आहे, रुंद बँड सॉचा नाही. ती नीट राखली तर काप त्याच्या निम्म्यावर येतो. रुळांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण तो दोष देखभालीचा, यंत्राच्या वयाचा नव्हे. आणि तिथे फक्त पडौक चिरत नाहीत. गर्जन या दुसऱ्या लाकडात राळही असते आणि सिलिकाही, म्हणजे वाळूसारखे कठीण कण. राळ पात्याला चिकटून घर्षण वाढवते, सिलिका धार खाते. पातळ, अरुंद पातं गर्जनच्या ओंडक्यात शिरलं की थोड्याच वेळात गरम होऊन भरकटतं. तिथे रुंद पातं, दातांना स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची टोकं आणि पात्यावर सतत पाण्याची धार लागते.

चौकट_पल्ला
दोघेही करवतीवरच अडकलात. दारं-खिडक्या बिघडतात त्या चिराईमुळे कमी, न वाळवल्यामुळे जास्त. मागणी आली की ओल्या लाकडाचीच चौकट ठोकायची, ही घाई सगळं घालवते. करवतीखालून निघालेल्या फळीत बऱ्याचदा ३० टक्क्यांहून जास्त ओल असते. तिचाच दाराचा पल्ला केला, तर ३०० मिमी रुंदीचा फलक वाळताना चार-पाच मिमी सहज आकसतो. तो खाचेत डिंकाने पक्का केला असेल तर मधोमध चिरतो. जोडाची कूस तिच्या खाचेत (सालात) सैल होते आणि पल्ला खाली लोंबतो.

वाळवायला फळ्यांची थप्पी अशी लागते: जमिनीपासून फूटभर तरी वर, फळ्यांच्या थरांमध्ये दर दोन फुटांच्या आत कोरड्या, सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत. पट्टी सरकली की तिथेच फळीला बाक येतो. टोकांना मेण किंवा डांबर लावायचं, नाहीतर टोकं आधी वाळून फाटतात. वर छप्पर हवं, बाजू उघड्या. उघड्यावर वाळवायचं तर इंचाला वर्ष हा जुना ठोकताळा. भट्टीत काही आठवड्यांत होतं, पण सुरुवातीलाच उष्णता वाढवली तर फळी बाहेरून कडक आणि आतून ओली राहते. तशी फळी मधून चिरली की दोन्ही तुकडे धनुष्यासारखे वाकतात.

म्हणून माझं मत: गिरणी चालवा, पण वर्षभराचा वाळलेला साठा ठेवता येत असेल तरच. नसेल तर तिथे फर्निचर करणंच थांबवा.

रानवाट
मूळ प्रश्न ओंडक्याचा आहे. पडौक गाभ्याला टिकाऊ, म्हणून तो सगळीकडे वापरायची सवय लागली. आतल्या दाराला, कपाटाच्या पाठीला त्याची काय गरज? बदाम, पांढरा धूप अशी दुय्यम लाकडं दाबाखाली औषध मुरवून वापरता येतात. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं 'अ‍ॅस्कू' द्रावण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये काढलं, ते याच कामाचं. पण त्यात आर्सेनिक आहे, हे विसरू नका. औषध मुरवलेल्या तुकड्यांचा जळणासाठी वापर म्हणजे राखेतून आणि धुरातून विषबाधा. पर्यटकांची वर्दळ असलेल्या आवारात ही टाकी नको. संग्रहालय आणि कारखाना एकाच भिंतीत ठेवायला माझा विरोध आहे तो यासाठी.

कोरडा_माल
@रानवाट, पूर्ण सहमत. पडौकचा बारीक भुसाही नाका-डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो, तेव्हा भुसा ओढणारी यंत्रणा नसलेल्या शेडमधून पाहुण्यांच्या रांगा नेऊ नयेत. @वखारवाला, गर्जनबद्दलचा मुद्दा मान्य. मग मधला मार्ग काढू: रुंद बँड सॉ महिन्यातून चार दिवस चालवा, लोकांना लांबून दाखवा, बाकी काम छोट्या यंत्रावर.

वखारवाला
औषधाची टाकी वेगळ्या जागी असावी आणि दुय्यम लाकडाचा वापर वाढवावा, दोन्ही मान्य. चौकट_पल्ला यांची साठ्याची अटही योग्य. मात्र महिन्यातून चार दिवसांना माझा नकार आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत पातं सव्वीस दिवस पडून राहिलं तर दातांच्या खाचांमध्ये गंज बारीक खड्डे पाडतो. पातं चाकावर फिरताना प्रत्येक वळणाला वाकतं, आणि तडा त्याच खड्ड्यातून सुरू होतो. वापरानंतर राळ धुवून, तेल लावून टांगलं तरी चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरलेली ओल निघत नाही. कमी ओंडके मिळत असतील तर रोज दोन तास चालवा, पण रोज चालवा.