गणपतीला नीताने गावी यायचं की नाही? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

सचिन: सगळ्यांना एकदमच विचारतो, प्रत्येकाला वेगवेगळा फोन करत बसण्यापेक्षा बरं. नीताचं स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी पोट लहान करायचं, ऑपरेशन होऊन आठवडा झाला, तब्येत छान आहे, सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात फेऱ्या मारते. चतुर्थीला तिसरा आठवडा चालू असेल. यंदा पूजेची पाळी आपली, त्यामुळे मला तर जायलाच लागेल. तिला गाडीने डोंबिवलीहून कुडाळला न्यावं की नको? स्पष्ट बोला सगळ्यांनी.

मनोज: दादा बरी आहे तर आण की वहिनीला. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, पोट काही मोठं उघडलेलं नाही. आमच्या ऑफिसातला एकजण दोन आठवड्यांत कामावर आला होता. मागची सीट पूर्ण तिला द्यायची, उश्या लावायच्या, आरामात झोपून येईल.

शीतल: ताई आल्या तर मला धीर येईल खरं सांगते, नैवेद्य आणि गौरीला सुपं भरून वाहायचा ओवसा एकटीने निभावायचं मला टेन्शन आलंय. पण त्यांना त्रास होणार असेल तर नको हं, माझ्यासाठी म्हणून तर अजिबात नको.

प्राजक्ता: मामा मी ड्युटीवर होते म्हणून उशिरा लिहितेय. फिजिओ म्हणून आमच्या वॉर्डात असे पेशंट रोज असतात, तर बाहेरचे टाके किती बारीक आहेत यावरून काही ठरवू नका, आत पोटाच्या पिशवीचा, म्हणजे जठराचा, साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो आणि उरलेल्या नळीला उभी लांब स्टेपलची शिवण असते ती भरून यायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात दोन भीती मोठ्या. एक त्या शिवणीतून गळती, दुसरी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं. गुठळीचा धोका घरी आल्यावर संपत नाही, म्हणून तर मामीला घरी पण रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिलीत ना. त्यात चार तासांच्या वर एका जागी पाय लोंबकळत बसलं की कोणाचाही धोका वाढतो, मामीचा तर जास्तच. आणि मनोजमामा, सीटवर झोपून आली तरी पाय हलत नाहीतच, उलट त्या पोटऱ्या चालत्या राहायला हव्यात.

मनोज: मग दर तासाला गाडी थांबवू, पाच मिनिटं चालेल ती.

प्राजक्ता: थांबवायची कुठे ते पण सांगा. कोलाड, इंदापूर, माणगाव, गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे गाडी आपण थांबवत नाही, ती आपोआपच थांबलेली असते. पाऊस, चिखल, बाजूने ट्रक, तिथे पोटाला पट्टा बांधलेल्या बाईला उतरवून चालवणार?

विद्या: माझं हेच ऑपरेशन झालेलं आहे म्हणून मी सांगते, तब्येत बरी वाटणं आणि प्रवासाला तयार असणं यात फरक आहे. तिसऱ्या आठवड्यात पातळ सोडून नुकतं मिक्सरमधून काढलेलं खायला लागतात, मी अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास खात बसायचे. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर पण अर्धा तास नाही. दोन चमचे जास्त गेले की छातीत दाटून येतं आणि सगळं बाहेर. आता हे आपल्या घरात गणपतीला कसं जमणार सांगा. रात्री भजनाचं मंडळ येणार, काळ्या वाटाण्याची उसळ होणार, करंज्या निघणार आणि येणारी प्रत्येक बाई म्हणणार अगो एक मोदक तरी घे, प्रसादाक नाय म्हणू नये. दहा जणींना नाही म्हणेल, अकरावीला काय सांगेल? आणि नीता स्वयंपाकघराबाहेर बसून राहील हे मला तरी खरं वाटत नाही. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही आणि आपल्याकडे तर नारळाची पोती आणि पाण्याचे हंडे.

सचिन: ते मी बघेन ताई, काही उचलू देणार नाही.

विद्या: तू सोवळ्यात पूजेला बसलेला असशील रे सचिन.

आबा: माका सगळा वाचूक वेळ लागता. पण नीताक सांगतंय, जीवापरास काय मोठा नाय. गणपती खंय पळान जाणा नाय. तुझी सासू असती तर तिणा पण ह्याच सांगितला असता.

नीता: सगळे माझ्याबद्दल बोलताय तर मीच लिहिते. मला यायचंय. लग्न झाल्यापासून एकही चतुर्थी मी गावाबाहेर केलेली नाही, आई गेल्यावर तर गणपतीवरची फळाफुलांची माटवी बांधताना खाली उभं राहून हे फळ इथे ते तिथे सांगणारी मीच असते. आणि यंदा पाळी आपली असताना मी घरी बसायचं हे मनाला पटत नाही. गाडी नको तर रेल्वेने नाही का येता येणार? रात्रीची गाडी ठाण्याहून घ्यायची, खालचा बर्थ, डब्यात फेऱ्या मारता येतात. प्राजक्ता तू सांग.

प्राजक्ता: गाडीपेक्षा रेल्वे कधीही बरी मामी, चालता येतं, टॉयलेट आहे. पण गणपतीची गर्दी बघितलीयस ना, रिझर्वेशनच्या डब्यात पण पॅसेजमध्ये माणसं बसलेली असतात आणि कोणाचं कोपर, कोणाची बॅग पोटावर बसू शकते. पावसाळी वेळापत्रक असल्याने गाड्या पण हळू. आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. तुला दिवसभरात किती पाणी जातंय?

नीता: ३० मिलीचं औषधाचं मापाचं झाकण आहे, मोबाईलला दर दहा मिनिटांचा अलार्म लावलाय, असं करत करत दीड लिटर जेमतेम. एखादा तास चुकला की तो भरून काढता येत नाही, घटाघटा पिताच येत नाही ना.

प्राजक्ता: हेच. या ऑपरेशननंतर परत ॲडमिट व्हायचं एक मोठं कारण म्हणजे उलट्या आणि पाणी कमी पडणं. पाणी कमी पडलं की चक्कर, अशक्तपणा, आणि रक्त घट्ट झालं की गुठळीला पण तेच निमित्त. आता प्रामाणिकपणे सांग, गावी जाताना रस्त्यात तू पाणी पितेस?

नीता: नाही गं. पनवेल सोडलं की नाहीच पीत. स्वच्छ बाथरूम कुठे मिळतं बायकांना, कुडाळ येईपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं. शीतल पण तेच करते, आई पण तेच करायच्या. रेल्वेत पण त्या गर्दीतून वाट काढत जायचं म्हणून मी कमीच पिते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शीतल: खरंय ताई, आपण सगळ्याच असं करतो.

सचिन: आत्ता सर्जनना फोन लावला होता. ते म्हणाले महिन्याच्या तपासणीआधी इतका लांबचा प्रवास नको. आणि त्यांनी मलाच उलटं विचारलं, तिकडे रात्री ताप आला, नाडी १२० च्या वर गेली, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखायला लागलं तर कुठे नेणार? मी ओरोसचं सरकारी हॉस्पिटल म्हटलं, मग म्हणाले तिथून पुढे?

मनोज: पुढे बांबोळीचं मेडिकल कॉलेजच. आपल्याकडचे सिरीयस पेशंट गोव्यालाच पाठवतात. सणाच्या दिवसांत दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. बरं झालं डॉक्टरांना विचारलंस, वहिनी मी आग्रह केला तो मागे घेतो.

सचिन: मग मी पण जात नाही. पूजा मनोज करेल.

नीता: नाही, तुम्ही जायचं. आता मी ठरवते. मी डोंबिवलीतच राहते, पण पाळी मोडायची नाही. तुम्ही रात्रीच्या गाडीने जा, प्राणप्रतिष्ठा-पूजा करा आणि दुसऱ्या दिवशी परत निघा, विसर्जनापर्यंत मनोज भावजी आहेत. आपला ओम माझ्याजवळ राहील. विद्याताई, तुम्ही दोन रात्री येऊ शकाल?

विद्या: दोन काय, सचिन येईपर्यंत आहे मी. तुझी मूगडाळ मी करते, मला प्रमाण माहितीये. साखरेचं मशीन बाहेर काढून ठेव, डायबेटिसच्या गोळ्यांचा डोस आता कमी केलाय ना, जुन्या पाकिटातली चुकून पोटात जायला नको, साखर एकदम खाली येते.

नीता: जुनी पाकिटं ओमने कपाटातून काढून टाकलीत. आणि गुडघा दुखला तर पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकवाल्या बंद, हे पण त्याने फ्रिजवर लिहून लावलंय.

आबा: तुळशीच्या लग्नाक ये गो. तवसर तुझा जेवाणखाण रुळावर येतला.

नीता: येते आबा, महिन्याच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की लगेच तिकिटं काढायला सांगते. तेव्हा गर्दी पण नसेल. शीतल, माटवीचा फोटो बांधून झाल्या झाल्या पाठव, कवंडळाचं फळ आणि हरणाची फुलं बांधायची राहतात नेहमी.

शीतल: पाठवते. ताई मोदकांची उकड मला जमेल ना हो? माझी दरवेळी कोरडी होते आणि कळी पाडताना चिरते.

नीता: जितकी पिठी तितकंच पाणी, वाटीने मोज, अंदाजाने नको. पाण्यात चिमूट मीठ, चमचाभर तूप. उकळी आली की गॅस बारीक करून पिठी घाल, ढवळ आणि झाकण ठेव, लगेच उघडू नकोस. मळताना हाताला पाणी आणि तेल दोन्ही लाव आणि गरम असतानाच मळ. एकवीस व्हायला तीन वाट्या पिठी घे म्हणजे कमी पडणार नाही. आदल्या दिवशी चार करून बघ आणि मला व्हिडिओ कॉल लाव, मी इथून बघून सांगते.