पोस्टग्रेसचं प्रमाणपत्र आपणच द्यायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आठ जण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटतो. मी स्वतः नऊ वर्षं डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, आहे. आम्हाला आता आपलं, समुदायाचं असं एक प्रमाणपत्र सुरू करायचंय. कारण सांगते.

आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा आयटीआय झालेला. गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेच्या सर्व्हरची डिस्क गेली, तेव्हा तो रात्रभर तिथे बसला. बेस बॅकअप, म्हणजे अख्ख्या डेटाची प्रत, रविवारचा होता. त्यावर वॉलच्या, म्हणजे नंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या, फायली चढवून त्याने गुरुवारी सायंकाळी सव्वापाचपर्यंतचा डेटा परत आणला. सकाळी काउंटर वेळेवर उघडला. महिनाभराने त्याने एका कंपनीत अर्ज केला, तर सर्टिफिकेट नाही म्हणून पहिल्याच चाळणीत बाद. त्याच सुमारास माझ्या एका क्लायंटकडे सर्टिफिकेट असलेल्या माणसाने भर दुपारी सगळ्यात मोठ्या टेबलावर व्हॅक्यूम फुल, म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहून वाया गेलेली जागा मोकळी करणारी आज्ञा, चालवली. टेबल लॉक, बिलिंग ठप्प. कागद कुणाकडे आहे आणि काम कुणाला येतं, याचा मेळच नाही, आणि मला याचा फार त्रास होतो.

आम्ही १२० एमसीक्यू जमवलेत. ६० टक्क्यांना पास ठेवावं म्हणतोय. पुढे कसं जावं?

जुनी_वही:
ताई, ते १२० प्रश्न सध्या कपाटात ठेवा. मी अशाच एका छोट्या परीक्षेसाठी तीन वर्षं पेपर काढलेत. आमची पहिली चूक हीच झाली: आधी प्रश्न काढले, आणि कामाची यादी मागाहून त्यांना चिकटवली.

बीएसडीवाल्यांचं (लिनक्ससारख्याच मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिम) उदाहरण बघा. त्यांचा सर्टिफिकेशन गट २००५ साली उभा राहिला आणि पहिली परीक्षा झाली २००८ साली. मधल्या काळात त्यांनी काम करणाऱ्यांना विचारलं, नोकरी देणाऱ्यांना विचारलं: तुमचा माणूस रोज नक्की काय करतो? त्यातून यादी काढली, ती सगळ्यांना वाचायला खुली केली, मग प्रश्न. परीक्षा परिषदांच्या ठिकाणी, कागदावर, स्वयंसेवकांच्या देखरेखीखाली व्हायच्या. २०१८ साली तो गट लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटमध्ये सामील झाला. ही संस्था १९९९ची. तिच्या १०१ क्रमांकाच्या परीक्षेला ६० प्रश्न असतात आणि प्रत्येक विषयाला वजन ठरलेलं. वजन ४ असेल तर साधारण ४ प्रश्न. ती वजनं कुणालाही पाहता येतात. तुम्हीही आधी यादी, मग वजनं, मग प्रश्न असंच जा.

आता ६० टक्के. हा आकडा आपण शाळेतून उचलतो. त्याऐवजी अँगॉफ पद्धत वापरा. आठही जणांनी काठावरचा उमेदवार डोळ्यांसमोर आणायचा: जेमतेम, पण ज्याच्या हाती सर्व्हर सोपवून आपण निर्धास्त झोपू असा. असे १०० जण बसवले तर हा प्रश्न किती जणांना येईल? प्रत्येकाने आपला आकडा झाकून लिहायचा, मग उघडायचा, बोलायचं, हवा तर बदलायचा. सगळ्या प्रश्नांची सरासरी म्हणजे तुमची पासिंगची रेघ. आमच्याकडे एका प्रश्नावर एकाने ९० लिहिलं, दुसऱ्याने ३५. बोलल्यावर कळलं की एक सेटिंग बदललं तर दोन पर्याय बरोबर ठरतात. प्रश्नच काढून टाकला. हे बोलणं झालं नसतं तर कितीतरी मुलांचे गुण फुकट गेले असते.

आणि प्रश्न शिळे होतात. रिकव्हरी डॉट कॉन्फ ही डेटा परत आणण्याच्या सेटिंगची फाइल पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ साली, गेली. ती ठेवली तर सर्व्हर सुरूच होत नाही. आमच्या उत्तरपत्रिकेत मात्र पुढे दीड वर्ष तेच बरोबर उत्तर होतं. नव्या आवृत्तीवर काम करणाऱ्या दोघांचे गुण त्यात कापले गेले. मी त्या दोघांना स्वतः पत्र लिहून माफी मागितली. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते, तेव्हा प्रत्येक प्रश्नावर आवृत्ती लिहा आणि वर्षातला एक दिवस फक्त तपासणीला ठेवा.

तुमच्या त्या मुलाचं काम एमसीक्यूत मावणारं नाही. त्याच्यासारख्यांना मोडलेला सर्व्हर द्या. कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरवर मिळून ॲप चालवणारी प्रणाली, तिच्या प्रशासकांची सीकेए परीक्षा तशीच आहे: दोन तास टर्मिनलवर काम, आणि शेवटी क्लस्टर, म्हणजे तो सर्व्हरचा संच, कुठल्या स्थितीत आहे त्यावर गुण.

क्लासवाला_संगमनेर:
मी क्लास चालवतो म्हणून हे मीच सांगायला हवं: तुमच्या गटात ज्याचा क्लास असेल त्याला पेपरपासून लांब ठेवा. मलासुद्धा. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक आहे; शिकवणं आणि प्रमाणपत्र देणं एकाच छपराखाली आलं की निःपक्षपणाला धोका, असं ते धरतं. मान्यता घेणं तुम्हाला लगेच परवडणार नाही, पण हा नियम आजपासून पाळता येईल. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, पेपर तुम्हीच काढणार ना?" तिच्या चेहऱ्यावरची आशा बघून मी त्याच दिवशी ठरवलं की आपण त्या समितीत बसायचं नाही.

अक्षरशः:
एक राहिलं. पोस्टग्रेसचा कोड मोकळा आहे, नाव नाही. 'पोस्टग्रेसक्यूएल' हे पूर्ण नाव आणि हत्तीचं चिन्ह यांचे ट्रेडमार्क कॅनडातल्या पोस्टग्रेसक्यूएल कम्युनिटी असोसिएशनकडे आहेत. प्रमाणपत्र छापण्याआधी त्यांचं धोरण वाचा आणि त्यांना लिहा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_वही सर, तुमचं ऐकलं. आठही जणांनी दोन आठवडे रोजच्या कामाची नोंद ठेवली आणि शनिवारी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या. एकूण ६३ कामं निघाली. आमच्या १२० प्रश्नांपैकी ४१ इन्स्टॉलेशन आणि डेटा टाइपवर होते, रिस्टोअरवर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्यावर, फक्त ३. वह्यांत मात्र बॅकअप उघडून तपासणं आठपैकी सहा जणांकडे होतं.

त्या मुलाला पतसंस्थेची रात्रही लिहून काढायला सांगितली होती. त्याची पहिली ओळ अशी: 'बेस बॅकअप आणि जमलेल्या वॉल फायलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत करून घेतली, मगच हात लावला.' हे आमच्या एकाही प्रश्नात नव्हतं. यादीत ते काम आता सगळ्यात वर आहे.

यादी पुढच्या शनिवारी इथेच टाकते. इतर गावांच्या डीबीएंनी आपल्या दोन आठवड्यांच्या नोंदी नक्की पाठवा. रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची चालू प्रत, सांभाळणाऱ्यांच्या तर हव्यातच, कारण आमच्यात ते काम दोघांकडेच आहे.