मदत हवी आहे: शोपाँच्या नॉक्टर्नमध्ये दोन्ही हात मागेपुढे का पडतात? जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकणाऱ्यांनी सांगा

सांजवेळ:

नमस्कार मंडळी,

प्रश्न पियानोचा आहे. आमच्या घरात पियानोतलं कळणारं माणूस एकच, तेही नववीत शिकणारं, म्हणून इथे विचारतेय.

लेक ग्रेडच्या परीक्षेसाठी शोपाँ या संगीतकाराचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न (संथ, गाण्यासारखी पियानोरचना) बसवतेय, ओपस ९ क्रमांक २. (नाव माहीत नसलं तरी तुम्ही ते कुठे ना कुठे ऐकलेलं असणार.) टीचरनी आर्थर रुबिनस्टाइनचं १९६५ चं रेकॉर्डिंग ऐकायला सांगितलं. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण यूट्यूब एका गोष्टीवर थांबू देतंय होय! त्याने राउल कोचाल्स्की नावाच्या पियानिस्टचं १९३८ चं रेकॉर्डिंग पुढे आणून ठेवलं आणि बाईसाहेब त्यावर फिदा.

घोळ असा की कोचाल्स्कीचा डावा हात अधूनमधून आधी पडतो आणि उजव्यातला सूर किंचित मागून येतो. शिवाय धून परत येते तेव्हा तो अशा हरकती घेतो ज्या हिच्या पुस्तकात नाहीतच. मी पुस्तकावर बोट फिरवत ऐकलं, बोट एका जागी आणि वाजतंय भलतंच. लेकीने लगेच ते उचललं. टीचर म्हणाल्या, हात एकत्र पडले पाहिजेत, असली सवय नको. घरी येऊन तणतण. मी आयुष्यभर किशोरीताई आणि मल्लिकार्जुन ऐकलेली बाई, मला यातलं काय कळणार?

तर विचारायचं ते:

१. हात मागेपुढे पडणं हा जुन्या रेकॉर्डिंगचा दोष, कोचाल्स्कीची लकब, की तेव्हाची रीतच?

२. पुस्तकात नसलेले सूर वाजवायची मुभा असते का?

३. रखमानिनोव्ह या संगीतकार-पियानिस्टने स्वतःच वाजवलेला त्याचा सी शार्प मायनर प्रेल्यूड (छोटी पियानोरचना) दोन रूपांत सापडला. एकात भजी तळल्यासारखी चरचर, दुसरा कालपरवा स्टुडिओत वाजवल्याइतका स्वच्छ. माणूस तर १९४३ साली गेला. हे कसं काय?

याशिवाय काय ऐकावं तेही सुचवा. आगाऊ धन्यवाद.

जुनी_तबकडी:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही हात एकाच पियानोवर, एकाच मायक्रोफोनसमोर. रेकॉर्डिंग खराब असेल तर दोन्ही हात मिळून खराब ऐकू येतील, एक पुढे आणि एक मागे कसा जाईल? ती त्या पिढीची वाजवण्याची रीतच होती. त्या काळचा पियानिस्ट पाडेरेव्स्की ऐका, तो तर याहून कितीतरी जास्त करतो. सूर थोडा उशिरा आला की खालच्या स्वरापासून सुटून उठून दिसतो, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मागे पडली. आज परीक्षकासमोर तसं वाजवलं तर तो चूकच समजेल.

दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे. कोचाल्स्की हा कारोल मिकुलीचा शिष्य आणि मिकुली खुद्द शोपाँचा. किशोरीताई ऐकणाऱ्यांना तालमीचं महत्त्व मी काय सांगू! शोपाँ शिष्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीने वेगळ्या जागा लिहून द्यायचा आणि या नॉक्टर्नच्या तर अशा बऱ्याच जागा टिकून आहेत. कोचाल्स्की तीच परंपरा वाजवतोय, मनचं घालत नाहीये. मूळ रचनेतही तेच आहे, बघा. धून जितक्या वेळा परत येते, तितके तिच्यावर दागिने वाढत जातात.

पण लेकीला हेही सांगा. मिकुलीनेच लिहून ठेवलंय की शोपाँ लयीच्या बाबतीत कमालीचा कडक होता आणि मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) त्याच्या पियानोवरून हलत नसे. साथ करणारा हात लय धरून ठेवणार आणि गाणारा हात मोकळा. या नॉक्टर्नमध्ये डाव्याला एक खालचा सूर आणि मग दोन कॉर्ड (एकदम दाबलेले सूर), हेच जवळजवळ शेवटपर्यंत. आधी तो डावा हात एकटा, लय न हलवता, पूर्ण वाजवून दाखव म्हणावं. ते जमलं की उजव्याने काय स्वातंत्र्य घ्यायचं ते बघू. बहुतेक मुलं डावाच ढिला सोडतात आणि त्याला रुबातो (लयीशी घेतलेली मोकळीक) म्हणतात.

पेडलवाला:

तिसऱ्याचं मी सांगतो. स्वच्छ आहे तो पियानो रोल. रखमानिनोव्हने अँपिको कंपनीसाठी रोल केले होते. कागदाच्या गुंडाळीवर भोकं आणि ती वाचून आपोआप वाजणारा पियानो. १९९० च्या दशकात टेलार्क या रेकॉर्ड कंपनीने ते रोल कम्प्युटरवर चालणाऱ्या ब्योसेंडॉर्फर पियानोवर वाजवून सीडी काढल्या, म्हणून आवाज नवाकोरा. मात्र रोलमध्ये कुठली पट्टी केव्हा दाबली ते बऱ्यापैकी येतं, जोर किती हे मात्र कंपनीतले लोक मागाहून जुळवायचे. चुकलेले सूरही दुरुस्त व्हायचे. माझं स्पष्ट मत, रोल ही कुतूहलाची वस्तू. बोटांचं वजन ऐकायचं तर चरचरवालीच तबकडी. या नॉक्टर्नचीही त्याची १९२७ ची तबकडी आहे, तीही ऐका.

चरचरीचं म्हणाल तर पाचेक मिनिटांत कान ती बाजूला सारतो. ती पुसून काढलेल्या प्रती घेऊ नका, चरचरीबरोबर सुरांची झळाळीही जाते आणि पियानो उशीखाली दाबल्यासारखा वाजतो.

निषाद:

ऐकायला: इग्नाझ फ्रीडमनने वाजवलेलं शोपाँचं ओपस ५५ क्रमांक २ चं नॉक्टर्न (१९३६). कोर्तोने वाजवलेले शोपाँचे प्रेल्यूड्स (१९३३-३४), चुकीचे सूर आहेत, असू देत. रिश्टरने सोफियातल्या मैफलीत वाजवलेलं मुसोर्गस्कीचं ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ (१९५८), श्रोते खोकून खोकून बेजार करतात तरीही. दिनू लिपाट्टीने वाजवलेले शोपाँचे वॉल्ट्झ तर हवेतच. जुलै १९५० मध्ये जिनिव्हात रेकॉर्ड केले. सप्टेंबरमध्ये बेझाँसोंला आजारपणातच शेवटची मैफल केली, तिथे चौदांपैकी तेरा वाजवले आणि चौदाव्याला ताकद उरली नाही. डिसेंबरात गेला, वय ३३. पण ऐकताना हे सगळं विसरा. त्या वाजवण्यात आजारपण कुठेही नाही.

परीक्षा होईपर्यंत मात्र घरात फक्त रुबिनस्टाइन. टीचर बरोबर सांगतायत.

सांजवेळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. डाव्या हाताचा प्रयोग केला. दुसऱ्याच ओळीत लय पळाली आणि मॅडम गप्प. :)

@निषाद, ‘फक्त रुबिनस्टाइन’ जमणार नाही, इथे बंडाळी होईल. कोचाल्स्की रविवारी, असा तह झालाय.

अजून एक शंका. यूट्यूबवर त्याचीच दुसरी प्रत आहे, ती हिच्या कीबोर्डशी जुळतच नाही, वर चढलेली वाटते. कीबोर्ड बिघडला का?

जुनी_तबकडी:

कीबोर्ड ठीक असणार. ७८ च्या तबकड्या प्रत्यक्षात मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या असतीलच असं नाही आणि प्रत काढणाऱ्याने वेग चुकवला की सूर वर किंवा खाली सरकतो. सूर चढलाय म्हणजे वेगही वाढलाय, तेव्हा ती प्रत लयीसाठीही बाद. एक लक्षात ठेवा, त्या काळी सगळीकडचा ए (वाद्यं ज्या स्वरावर जुळवतात तो) आजच्या ४४० हर्ट्झवरच होता असं नाही, त्यामुळे केसभर फरकाने बिचकू नका. अर्धा सूर चढलेला असेल तर मात्र सरळ सोडून द्या. जुन्या पियानिस्टांच्या सीडी घेताना वॉर्ड मार्स्टन किंवा मार्क ओबर्ट-थॉर्न यांनी प्रत काढलीय का ते मागच्या बाजूला बघा. हे दोघे वेगाची नीट काळजी घेतात आणि चरचरही वाजवीपेक्षा पुसत नाहीत.